डोंगरातलं मीठ

आई म्युनिकला माझ्याकडे आली की पहिले पंधरा दिवस खुशीत असते. सोळाव्या दिवशी तिला माझ्या डब्यातलं मीठ दिसतं. "हे कसलं गं पिठासारखं? चिमटीत धरता येत नाही." आईचं माहेर पेणच्या खाडीकाठचं, आगऱ्यांचं. आजोबांची सगळी हयात मिठागरात गेली. त्यामुळे तिच्या लेखी मीठ म्हणजे खडे, जरा मळकट पांढरे, पावसाळ्यात बरणीत पाणी सोडणारे. बाकी सगळी पावडर. मी सहज म्हटलं, "इथलं मीठ समुद्रातून येत नाही, डोंगरातून काढतात." तिचं लाटणं थांबलं. "डोंगरात दगड असतात," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

त्या एका वाक्यावर सहल ठरली. २०२४च्या सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, आम्ही दोघी, पाठीवरच्या दोन पिशव्या आणि लसणाच्या चटणीचा डबा.

पहिला दिवस: बाड इशल

म्युनिकहून साल्झबर्गला रेल्वेने दोनेक तास आणि तिथून बसने बाड इशलला दीड तास. बस तळ्यांच्या काठाकाठाने जाते. फुश्लझे गेलं, मग वोल्फगांगझे आलं. आई खिडकीला नाक लावून बसली होती आणि प्रत्येक तळ्याला "हे खारं का?" विचारत होती. सगळी गोडी निघाल्यावर तिची उमेद जरा खचली.

या मुलखाला म्हणतात साल्झकामरगुट. साल्झ म्हणजे मीठ आणि कामरगुट म्हणजे राजाच्या खजिन्याची खासगी मिळकत. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याने हा भाग एखाद्या सरदाराला न देता थेट खजिन्याच्या ताब्यात ठेवला, कारण इथल्या डोंगरांतलं मीठ म्हणजे रोकड पैसा होता. जंगल खजिन्याचं, नदी खजिन्याची, लाकूडतोडे, नावाडी, खाणकरी सगळे खजिन्याच्या चाकरीत. मिठाची मक्तेदारी ऑस्ट्रियाने पुढेही सोडली नाही, १९९५ साली युरोपीय संघात जाईपर्यंत ती चालू होती. हे सांगितल्यावर आई लगेच म्हणाली, "सरकार म्हटलं की मिठावर डोळा असायचाच." १९३० साली शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, त्या गोष्टी तिने आजोबांच्या तोंडून ऐकल्यात.

बाड इशल हे मुळात मीठ उकळून काढायचं गाव. १८२०च्या दशकात व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रान्त्स विरर यांच्या लक्षात आलं की इथल्या मिठाच्या भट्ट्यांचा डॉक्टर मजुरांना मिठाच्या पाण्यात बसवून सांधेदुखीवर उपचार करतोय. मग बड्या घरची माणसं यायला लागली. राजघराण्याची सून आर्चडचेस सोफी, तिला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. ती इथे उपचाराला आली आणि १८३० साली फ्रान्त्स योझेफ जन्मला, मागोमाग आणखी भाऊ. लोकांनी त्यांना 'मिठाचे राजपुत्र' म्हणायला सुरुवात केली. आईने या प्रकरणावर थोडा विचार केला. "असं असतं तर आमच्या गावात घराघरात सम्राट झाले असते."

तोच फ्रान्त्स योझेफ पुढे सम्राट झाला आणि आयुष्यभर उन्हाळ्यात इथेच येत राहिला. १८५३ साली त्याचं आणि एलिझाबेथचं, म्हणजे सगळे जिला सिसी म्हणून ओळखतात तिचं, लग्न इथेच ठरलं. त्याचा वाडा पाहायला गेलो. जिन्यात, बोळात, खोल्यांत भिंतीभर शिंगं. सम्राटाला शिकारीचा भयंकर नाद. आईला त्या शिंगांचा कंटाळा आला, मलाही. पण अभ्यासिकेत एक टेबल आहे, तिथे दोघी थबकलो. २८ जुलै १९१४ रोजी सर्बियाविरुद्ध युद्धाचा जाहीरनामा त्याने या वाड्यात सही करून काढला. पहिल्या महायुद्धाची सुरुवात सुट्टीच्या घरातून झाली, हे शाळेच्या पुस्तकात काही कळलेलं नव्हतं.

त्या वर्षी बाड इशल आणि आजूबाजूचा मुलूख युरोपची सांस्कृतिक राजधानी होता, त्यामुळे रस्तोरस्ती फलक. संध्याकाळी ट्राउन नदीच्या काठाने एक चक्कर मारली आणि लवकर झोपलो.

दुसरा दिवस: हालश्टाट

बाड इशलहून हालश्टाट रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. स्टेशन तळ्याच्या या काठाला, गाव त्या काठाला, मधे बोट. गाडी आली की बोट सुटते. सकाळी धुकं होतं. बोट अर्ध्यावर गेली तेव्हा आधी चर्चचा सुळका दिसला, मग एकावर एक चढवल्यासारखी घरं. मागे डोंगर सरळ उभा, पुढे तळं. घरांनी जायचं कुठे? १८९० सालापर्यंत या गावाला गाडीरस्ताच नव्हता. बोटीने यायचं नाहीतर पायवाटेने.

गावात साडेसातशेच्या आसपास माणसं राहतात आणि गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत पाहुणे येतात. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात या गावाची हुबेहूब नक्कलही उभी केली आहे. आम्हीही त्या दहा हजारांतल्याच, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. पण एका घराच्या दारावर 'इथे माणसं राहतात, कृपया शांतता पाळा' अशा अर्थाची पाटी होती आणि तिच्याच समोर फोटोसाठी रांग. आई पुटपुटली, "बाईला धुणं वाळत घालायची चोरी."

गावातून केबलवर ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने वर गेलो. वर रुडोल्फ्सटुर्म नावाचा १२८४ सालचा बुरूज आहे, मिठाच्या राखणीसाठी बांधलेला. तिथून खाणीपर्यंत अर्धा तास चढ. वाटेत एक हिरवी, शांत दरी लागते. या कुरणाखाली मोठी दफनभूमी होती. योहान गेओर्ग रामझाउअर हा इथल्या खाणीवरचा अधिकारी. त्याला १८४६ साली थडगी सापडायला लागली आणि पुढची सतरा वर्षं त्याने जवळपास ९८० थडगी उघडली, प्रत्येकाची नोंद ठेवली, जलरंगांत चित्रं करवून घेतली. काशाच्या बादल्या, तलवारी, बाल्टिक किनाऱ्यावरून आलेला अंबर म्हणजे दगड झालेला डिंक, हस्तिदंत. डोंगरात एवढ्या उंचीवर राहणाऱ्या खाणकऱ्यांकडे ही श्रीमंती मिठाने आणली होती. युरोपच्या इतिहासात ख्रिस्तपूर्व ८०० ते ४५०च्या सुमाराचा सगळा काळ आता या गावाच्या नावाने ओळखतात.

खाणीच्या दारात कपड्यांवरून घालायला सैल विजार आणि डगला देतात. आईने पंजाबी ड्रेसवर तो चढवला, ओढणी आत खोचली आणि आरशात पाहून म्हणाली, "आता फक्त फावडं द्या." आत बारा महिने आठ अंशांच्या आसपास थंडी. अरुंद बोगदा, पायाखाली रूळ, आणि भिंती अपेक्षेसारख्या पांढऱ्याशुभ्र अजिबात नव्हत्या. लालसर, करड्या, काळपट. मीठ, चिकणमाती आणि जिप्सम कणीक मळावी तसं एकमेकांत मळलेलं. या मिश्र खडकाला इथे हाझेलगेबिर्गे म्हणतात. आईने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग बोट भिंतीवर घासून जिभेला लावलं. आमची वाटाड्या मुलगी हसली, तिला हे रोजचं असावं.

"खारट आहे," आई म्हणाली. "पण हे इथे आलं कुठून?"

सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. तो आटत गेला, मिठाचे थर साचले, त्यांच्यावर आणखी खडक साचले, आणि पुढे आल्प्स वर उचलले गेले तेव्हा ते मीठही मुरगळत, दुमडत डोंगराच्या पोटात शिरलं. हे मी मराठीत सांगून संपवायच्या आत आईचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे समुद्राचंच ना!"

म्हणजे स्वयंपाकघरातला वाद ती जिंकली, वर दोन देशांची सीमा ओलांडून पुरावा पाहून जिंकली. उरलेले तीन दिवस मला हे वारंवार ऐकावं लागलं.

मीठ काढायची इथली रीत मात्र तिला खरंच नवी होती. असला मातकट खडक फोडून बाहेर आणला तर निवडणार कसा? म्हणून मध्ययुगापासून डोंगरात पोकळी खणून तिच्यात गोडं पाणी सोडतात. पाणी छताचं आणि भिंतींचं मीठ विरघळवत वर चढतं, माती खाली बसते. पाणी आणखी मीठ धरू शकत नाही, इतकं भरलं की ती मिठवणी बाहेर काढायची. समुद्राच्या पाण्याच्या शंभर भागांत मीठ साधारण साडेतीन भाग, या मिठवणीत सव्वीस-सत्तावीस. आमच्याकडे दिवाळीनंतर वाफ्यांचा तळ तुडवून घट्ट करायचा, उधाणाचं पाणी आत घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत उन्हात जाड करत न्यायचं, ते सगळं काम इथे डोंगर करतो. आईने वाटाड्या मुलीला माझ्यामार्फत विचारलं, "मग शेवटी ऊन कुठलं देता?" उत्तर: ऊन नाही, आग. ते लक्षात ठेवा, तिसऱ्या दिवशी लागणार आहे.

एका पातळीवरून खालच्या पातळीवर जायला लाकडी घसरगुंडी आहे. खाणकरी पूर्वी अशाच घसरगुंड्यांवरून कामावर उतरायचे. सगळ्यात लांब ६४ मीटरची. बाजूला पायऱ्या आहेत, मी आईला त्या दाखवल्या. आई सदुसष्ट वर्षांची. तिने पायऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. गुळगुळीत लाकडावर बसली, पाय वर उचलले, मागे रेलली आणि गेली. खाली वेग दाखवणारी पाटी आहे. तिचा माझ्याहून जास्त. "मिठाच्या राशीवरून घसरायचो आम्ही," ती धापा टाकत म्हणाली, "बाबा फोकाने मारायचे. मीठ पायदळी तुडवता म्हणून."

आणखी खाली, काचेमागे, जिना आहे. २००३ साली संशोधकांना सापडला. आठ मीटर लांब, लाकडी, आणि लाकडाच्या वर्षवलयांवरून त्याचं साल ठरलंय: ख्रिस्तपूर्व १३४४च्या सुमारास तोडलेली झाडं. युरोपात सापडलेला याहून जुना लाकडी जिना नाही. मी असल्या आकड्यांपुढे सहसा थंड असते, पण हा जिना पाहताना तशी राहिले नाही. दोन ओंडके आडवे, त्यांना आतून खोबणी, खोबणीत फळ्या बसवलेल्या. उतार बदलला तर फळ्यांचा कोन बदलता यावा अशी रचना. फळ्यांच्या कडा पावलांनी झिजलेल्या. लाकूड अजून लाकडाच्या रंगाचं. मिठाने ना कीड लागू दिली, ना कुजू दिलं.

मिठाने इथे काहीही टाकून दिलेलं नाही. जळून उरलेल्या लाकडाच्या काटक्या, ज्या उजेडासाठी पेटवायचे, त्यांचे ढीगच्या ढीग. लोकरीच्या चौकटीच्या कापडाचे तुकडे. मीठ वाहायची कातडी पाठपिशवी, जी खांद्यावरून न उतरवताच दांड्याने कलती करून रिकामी करता येई. आणि विष्ठा. तीसुद्धा टिकली, आणि तिच्यावरून कळलं की खाणकरी बार्ली, वरई-राळ्याच्या जातीचं धान्य आणि शेंगांचे दाणे एकत्र शिजवून खायचे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सत्तावीसशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यांत निळ्या चीजची बुरशी आणि बिअरचं यीस्टही सापडलं. मी हे जरा दबक्या आवाजात सांगितलं. आई मोठ्याने म्हणाली, "म्हणजे खिचडी आणि बिअर. वाईट नव्हतं चाललेलं त्यांचं."

आणि एक माणूसही. १७३४ साली खाणकऱ्यांना मिठात रुतलेला एक देह सापडला. खडकाशी एकजीव झालेला, चेपलेला, अंगावर कपड्यांचे तुकडे. दरड कोसळून गाडला गेलेला प्राचीन खाणकरी असावा. गावाने त्याला बाहेर काढून दफन केलं, त्यामुळे आज तो नाही. मातीत गेला आणि मातीसारखा संपला.

बाहेर पडायला छोटी गाडी आहे, लाकडी बाकावर एकामागे एक पाय फाकवून बसायचं. उजेडात आल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबांचं एक लाकडी फावडं होतं गं. पाऊस लागला की माळ्यावर टाकायचे. कुठे गेलं कोण जाणे." मिठागरातून आमच्याकडे घरी काहीही शिल्लक नाही. ना फावडं, ना टोपली, ना एक फोटो. पावसाने दर वर्षी बांध फोडायचे आणि दिवाळीनंतर सगळं पुन्हा घालायचं. आजोबांच्या आगरावर आता कंटेनरचं आवार आहे.

उतरायला उशीर झाला आणि शेवटची बोट डोळ्यांदेखत सुटली. चूक आमचीच, बुरुजाजवळ चहा घेत बसलो होतो. मुक्काम पलीकडे ओबरट्राउनला होता. बसने गेलो.

तिसरा दिवस: पाऊस, कवट्या आणि नळ

पाऊस. इकडे याला 'दोरीचा पाऊस' म्हणतात, सुतासारख्या सरळ धारा दिवसभर. आईच्या मते ही नुसती रिपरिप आणि हिच्यासाठी छत्री उघडणं म्हणजे कोकणाची बदनामी.

पुन्हा हालश्टाट. चर्चच्या मागे लहानशी दफनभूमी आणि तिच्याशेजारी कवट्यांची खोली. गावात जागाच नाही, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनी थडगं उघडून अस्थी काढायच्या, कवटी उन्हात-चांदण्यात पांढरी होऊ द्यायची आणि या खोलीत नेऊन ठेवायची. जागा नव्या मेलेल्याला. तिथे बाराशेच्या आसपास कवट्या आहेत आणि सहाशेहून अधिक रंगवलेल्या: कपाळावर नाव, साल, बाजूने वेलाची नाहीतर ओकची पानं, बायकांना गुलाब. शेवटची १९९५ साली आणलेली, तिला सोन्याचा दात आहे. मला वाटलं होतं आई आत यायची नाही. ती आत आली, नावं वाचायचा प्रयत्न करत राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "छान ठेवलंय. घरची माणसं एका फडताळात." माझ्याच अंगावर काटा होता.

दुपारी नळाची वाट. आता ती आग.

मिठवणी उकळून मीठ पाडायचं म्हणजे लाकूड लागणार, अफाट लाकूड. शतकानुशतकं हालश्टाटच्या भट्ट्यांनी आसपासचं जंगल खाल्लं. शेवटी प्रश्न असा आला की लाकूड मिठाकडे आणायचं की मीठ लाकडाकडे न्यायचं. लाकूड जड आणि डोंगर उभे, पण मिठवणी पाण्यासारखी वाहते. म्हणून १५९५ ते १६०७ या काळात खाणीपासून एबेनझेपर्यंत ४० किलोमीटरचा नळ घातला, तेरा हजार झाडांचे ओंडके आतून पोखरून, एकात एक बसवून. उतार असा सांभाळला की मिठवणी आपोआप वाहत राहील. जगातला सगळ्यात जुना औद्योगिक नळ तो हाच. मिठवणी आजही याच दिशेने एबेनझेला जाते, फक्त नळ बदललेत.

नळाशेजारून पायवाट जाते. आम्ही गोसाउच्या घळीपर्यंत गेलो. तिथे दरी आडवी येते आणि नळाला पलीकडे न्यायला १७५७ साली बांधलेला पूल आहे, सव्वाशे मीटरहून लांब आणि ४३ मीटर उंच, दगडी खांबांवर. खालून रस्ता जातो. मोटारीतली माणसं मान वर करून पाहतात आणि त्यांना वाटत असणार की हा रेल्वेचा पूल. खांबाच्या दगडाला हात लावून आई म्हणाली, "एवढा खटाटोप. आणि आपण नळाशिवाय, भरती-ओहोटीवर." तिच्या आवाजात कौतुक जास्त होतं की फुशारकी, ते मला ठरवता आलं नाही.

रात्री ओबरट्राउनच्या एका खानावळीत तळ्यातला मासा मागवला, राइनांके नावाचा, लोण्यात परतलेला. खाडीकाठच्या बाईने पहिला घास घेतला आणि चटणीचा डबा उघडला.

"मिठाच्या गावात मासा अळणी."

चौथा दिवस: आल्टआउसे

ओबरट्राउनहून पुढचं स्टेशन बाड आउसे आणि तिथून बसने आल्टआउसे. पाऊस थांबला होता आणि उंचावर ताजं बर्फ पडलं होतं. इथलं तळं हालश्टाटपेक्षा मला जास्त आवडलं, कारण तिथे जवळजवळ कोणी नव्हतं. खाण वर, जंगलात. आत संत बार्बराचं देऊळ आहे, खाणकऱ्यांची रक्षणकर्ती. वेदी, भिंत, सगळं मिठाच्या दगडाचं, मागून दिवा लावला की नारिंगी दिसतं. आणखी आत मिठवणीचं तळं, काळं, इतकं निश्चल की आधी तिथे पाणी आहे हेच कळत नाही.

पण या खाणीत लोक येतात ते १९४५ची गोष्ट ऐकायला.

युद्धात बॉम्बहल्ले वाढले तसं आधी व्हिएन्नाच्या संग्रहालयांतलं आणि चर्चमधलं मौल्यवान सामान इथे आणून ठेवलं. मग नाझींनी युरोपभर लुटलेलं आलं. हिटलरला लिंत्स शहरात प्रचंड संग्रहालय उभारायचं होतं, त्यासाठीची चित्रं. बेल्जियममधल्या गेंटच्या चर्चची, फान आइक या चित्रकार बंधूंची वेदीचित्रं, मायकेलअँजेलोची ब्रुज शहरातली संगमरवरी मेरी, डच चित्रकार वर्मीर. साडेसहा हजारांहून अधिक तर नुसती चित्रंच. खाणच का? तीच आठ अंशांची न बदलणारी हवा आणि ठरावीक ओल. लाकूड तीन हजार वर्षं टिकवणाऱ्या जागेत चित्रं टिकणारच.

एप्रिल १९४५मध्ये इथला नाझी प्रांतप्रमुख आउगुस्ट आयग्रुबर याने आठ मोठ्या पेट्या खाणीत आणून ठेवल्या. वर लिहिलेलं: सावधान, संगमरवर, आपटू नका. आत प्रत्येकी ५०० किलोचा विमानातून टाकायचा बॉम्ब. शत्रूच्या हाती काही लागता कामा नये म्हणून सगळं उडवायचं. खाणीतल्या लोकांना पेट्यांत काय आहे ते कळलं. खालीवर बरीच खलबतं झाली, वरून कोणाकोणाची संमती मिळवली गेली, आणि मेच्या पहिल्या दिवसांत रात्रीतून खाणकऱ्यांनी त्या आठही पेट्या बाहेर काढून झाडांखाली लपवल्या. मग बोगद्यांची तोंडं हलके सुरुंग लावून बंद केली, म्हणजे आत कोणी पुन्हा काही नेऊ नये. ८ मेला अमेरिकन सैनिक पोचले. युद्धानंतर श्रेय घ्यायला पुष्कळ जण पुढे आले. ते भांडण ऐकण्यात मला रस वाटला नाही.

मला खाणकऱ्यांचं कारण आवडलं. त्यातल्या किती जणांना फान आइक कोण हे माहीत होतं? पण बॉम्ब फुटले असते तर डोंगरात पाणी शिरलं असतं, आणि मिठाच्या खाणीत नको तिथे पाणी शिरलं की खाण विरघळून संपते. पोरांनी खायचं काय? त्यांनी आपली खाण वाचवली आणि खाणीबरोबर मायकेलअँजेलो वाचला.

आईला सगळं नीट सांगितलं. ती त्या बॉम्बच्या पेटीच्या नमुन्याजवळ उभी होती. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे मालकाशी इमान राखणं. "हे बघ," ती म्हणाली, "मालक सांगत होता उडवा. हे मालकाचं नाही, मिठाचंच खाल्लं म्हणून जागले."

संध्याकाळी तळ्याला पूर्ण फेरी मारली, दोनेक तास लागतात. आईचे गुडघे तिसऱ्या दिवशी कुरकुरत होते, त्या दिवशी नाही. मिठवणीचा वास घेतल्याचा गुण, असं तिचं म्हणणं.

पाचवा दिवस: एबेनझे आणि परत

परतीला मुद्दाम रेल्वेने उत्तरेकडून गेलो. हा लोहमार्ग १८७७ साली सुरू झाला. त्यावरून कोळसा आला आणि भट्ट्यांतून जंगल सुटलं. नळाचं दुसरं टोक, एबेनझे, इथे उतरलो. मिठाचा मोठा आधुनिक कारखाना इथेच आहे, रेल्वेतूनही दिसतो. आईला बाहेरून बघूनच समाधान झालं.

एबेनझेत आणखी एक जागा आहे. नोव्हेंबर १९४३पासून माउटहाउझेन छळछावणीची एक शाखा इथे होती. कैद्यांकडून डोंगरात बोगदे खणून घेतले, क्षेपणास्त्रांचं संशोधन लपवण्यासाठी. ६ मे १९४५ला सुटका झाली तोपर्यंत आठ हजारांहून अधिक माणसं मेली. छावणीच्या जागी आता घरं आहेत, बागा आहेत, झोपाळे आहेत, आणि मधेच छावणीची कमान उभी आहे. एक बोगदा पाहता येतो. आत तीच थंडी, जी गेले दोन दिवस आम्हाला गमतीची वाटत होती. आई दारापाशीच थांबली. मी आत जाऊन पाच मिनिटांत परत आले. आल्टआउसेत पेट्या बाहेर निघत होत्या त्याच आठवड्यात इथे माणसं भुकेने मरत होती, आणि दोन्हींमधे गाडीने तासाभराचं अंतर. रेल्वे स्टेशनवर येईपर्यंत आम्ही बोललो नाही.

गाडी ट्राउनझे तळ्याच्या काठाने निघाली तेव्हा आईने मामाला फोन लावला, व्हिडिओवर. मामाने तरुणपणी दोन-तीन हंगाम आगरावर काढलेत. तिने त्याला घसरगुंडीचा वेग सांगितला, जिना सांगितला, नळ सांगितला, आणि पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र तर दोनदा सांगितला. मग हालश्टाटच्या दुकानात घेतलेली मिठाच्या खड्यांची छोटी कापडी पिशवी कॅमेऱ्यापुढे धरली. लालसर, पारदर्शक खडे, वर रिबिन.

मामाने ती नीट निरखली. "भाव काय?"

"शंभर ग्रॅमला साडेचारशे रुपये पडले."

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं बोगद्यात रेंज गेली.

"अगं," तो शेवटी म्हणाला, "आपण तर वळवाच्या पावसात अख्खी रास वाहून जाताना बघत बसायचो."